देवदार, भुसा आणि बाबांचा डेक

मॅडिसन
११ मे २००३

प्रिय हेल्मी,

काल फोन तू आपटलास की मी, याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. मार्जोरी म्हणते, मीच. नवऱ्याची बाजू घेणं हे पत्नीधर्मात बसत नाही असं तिचं जुनंच मत आहे. ते असो. यापुढे डेकचा विषय आपण पत्रांतूनच बोलू. पत्राला आपटायला काही नसतं, आणि शिवी शुद्ध अक्षरात लिहून होईपर्यंत माणसाचा राग निवतो.

वादविषय आधी नीट मांडतो. तीस वर्षं कॉलेजात संस्कृत शिकवून मला ही एकच खोड लागली आहे. बाबा चौऱ्याऐंशीचे. डोळ्यांपुढे मधोमध धुकं, कडेकडेने काय दिसेल तेवढंच. आई गेल्यापासून तळ्याकाठच्या घरात एकटे. स्वयंपाकघराच्या दारापासून आपल्या वाफेच्या न्हाणीच्या, सॉनाच्या दारापर्यंतचा लाकडी फळ्यांचा डेक कुजलेला. बर्ट सुताराने त्यात पेचकस खुपसला तो मुठीपर्यंत आत गेला. काउंटीची परिचारिका मिस बूशे हे बघून म्हणाली, की एक ऑक्टोबरला ती पुन्हा येईल. तोवर डेक नवा झालेला हवा, आणि बाबा कोणाचा हात न धरता त्यावरून सॉनापर्यंत जाऊन परत आलेले तिला दिसायला हवेत. नाहीतर त्यांना एकट्याने राहू देण्याच्या कागदावर ती सही करणार नाही, आणि बाबा हॅनकॉकच्या वृद्धाश्रमात जातील. त्यावर बाबा तिला कॉफी ओतून देत म्हणाले, “न्या की. फक्त आडवा न्यावा लागेल.”

इथवर आपलं एकमत आहे. जपून ठेव, पुढे मिळणार नाही.

माझा पक्ष देवदाराचा. नावातच देवांचं लाकूड. (बर्टच्या वखारीतलं ते झाड खऱ्या देवदाराचा फक्त नामबंधू आहे हे मला ठाऊक आहे. बर्टला सांगू नकोस.) तुझं कॉम्पोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि वितळवलेल्या दुधाच्या बाटल्या एकत्र दाबून केलेली फळी. असल्या मिश्रणाला जुने शास्त्रकार संकर म्हणत आणि नाक मुरडून पुढच्या विषयाकडे वळत. आपल्या पणजोबांनी फिनलंडहून येताना बरोबर आणली ती कुऱ्हाड आणि सॉनाची सवय. त्यांच्या नातवाने शनिवारी अनवाणी, दुधाच्या बाटल्यांवरून सॉनाला जावं?

तुझा पूर्वपक्ष ऐकायला तयार आहे. मात्र पुराव्यासकट.

तुझा,
रूबेन

*

हॅनकॉक
१९ मे

पंडित रूबेन यांस,

फोन तूच आपटलास. मार्जोरीला शंभरपैकी शंभर.

देवांच्या लाकडाबद्दल वाचलं. आता माणसांचं ऐक. त्या लाकडाला दर दुसऱ्या वर्षी जूनमध्ये तेलपाणी कोण करतं? मी. गुडघ्यांवर बसून, काळ्या माशा कानात शिरत असताना. बाबांच्या तळपायातलं कुसळ कोण काढतं? मी, आईच्या शिवणाच्या सुईने, आणि ते वर म्हणतात, “तुझ्या आईचा हात हलका होता.” हिवाळ्यात छपराएवढा बर्फ साचतो तो बाबा लोखंडी फावड्याने ओढतात आणि दर ओढीला तुझ्या देवांची एक साल निघते. तुम्ही तिकडे दक्षिणेत राहता, तुम्हाला काय.

पुरावा हवा ना? घे. बर्टने हातभर लांबीचे पाच तुकडे दिले: एक देवदाराचा, एक औषध पाजलेल्या पाइनचा, तीन कॉम्पोझिटचे. मी ते शाळेच्या बस-आगारात मांडले. पाचांवर कॉफी ओतली, हेरिंग माशांचं खारं पाणी ओतलं, ब्लूबेरी चिरडल्या, आणि आठवडाभर पावसात ठेवले. लाकडांनी तिन्ही डाग पोटात घेतले. कॉम्पोझिट साबणाने धुतलं तर जणू काही झालंच नाही. मग मी चालवते ती बस सगळ्यांवरून नेली. (मुलं नव्हती बसमध्ये. मुख्याध्यापक मात्र खिडकीत होते.) पाइनचे दोन तुकडे झाले. बाकीचे चौघे शाबूत.

मग ते तुकडे घेऊन बाबांकडे गेले. त्यांनी एकेक उचलून कानाशी धरला, बोटाने ठोकला, हुंगला.

“हे काय?”

“भुसा आणि दुधाच्या बाटल्या, बाबा.”

“दूध कुठे गेलं?”

“प्यायलं लोकांनी.”

“मग ठीक.” पुन्हा ठोकला. “मुका आहे.”

“पंचवीस वर्षांची हमी आहे, बाबा. डाग नाही, कुज नाही, जसाच्या तसा.”

“पंचवीस,” बाबा म्हणाले. “मी एकशे नऊचा होईन. तेव्हा बघायला ये.”

त्यांना कुठला हवा असं सरळ विचारलं. म्हणाले, “तुम्हा दोघांचं आधी जमू दे.” एक तुकडा तुला पाठवते आहे. तूही प्रयोग कर, नुसते शब्द नकोत.

हेल्मी

*

मॅडिसन
४ जून

प्रिय हेल्मी,

तुकडा पोचला. त्याच्यासोबत हेरिंगचा वासही पोचला. म्हणजे “जणू काही झालंच नाही” हे विधान दुरुस्त करून घे.

प्रयोग केले. तुकडा तासभर उकळला. मार्जोरीने ते पातेलं आता मला भेट दिलं आहे. मग तो बर्फाच्या कप्प्यात ठेवला, मग पुन्हा उकळला, आणि प्रत्येक वेळी पोस्टातल्या काट्यावर वजन केलं. काउंटरवरच्या बाईने तिसऱ्या खेपेला विचारलं, “प्रोफेसर, हे पाठवायचं आहे की फक्त भेटायला आणता?” वजन तसूभर बदललं नाही. इथल्या वखारीतून आणलेला देवदाराचा तुकडा मात्र पाणी पिऊन पाहुण्यासारखा फुगला.

तुझ्या पक्षातली एक खोट सापडली म्हणून आनंदाने लिहितो: दुपारी दोन वाजता मी त्या फळीवर अनवाणी उभा राहिलो आणि लगेच उतरलो. ऊन पितं ते. लाकूड इतकं तापत नाही. त्यावर तू म्हणशील, आमच्याकडे असं ऊन वर्षातून अकरा दिवस पडतं. ठीक. तो मुद्दाही तुला दिला.

रात्रभर विचार केला, माझा देवदाराचा हट्ट नेमका कशावर उभा आहे? वासावर. जून महिन्यातल्या त्या तेलाच्या, गरम लाकडाच्या वासावर. मग आठवलं की इतक्या वर्षांत मी ते तेल एकदाही लावलेलं नाही. नुसता वास घेतला आहे, तोही तू लावून गेल्यावर. ज्याने तेल लावलं नाही त्याने लाकूड निवडू नये, असं एखादं सूत्र कोणी लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं.

तुझं घे. राखाडी रंगाचं घे, बाबांना भडक चालणार नाही. डोळ्यांनी दिसत नसलं तरी त्यांना ते कळेल.

रूबेन

*

हॅनकॉक
२२ जुलै

रूबेन,

झाला! काल बर्टने शेवटचा स्क्रू मारला. वरून एकही दिसत नाही, सगळे फळ्यांच्या पोटात. त्याने गोटी ठेवून दाखवली. जिथे ठेवली तिथेच राहिली.

जुना डेक काढताना मात्र मजा झाली. बाबा दारात खुर्ची टाकून बसले आणि ऐकत होते. बर्टने एक फळी उचकटली की बाबा म्हणायचे, “ही कुरकुरी.” दुसरी उचकटली, “ही बाई बसते ती.” म्हणजे मधे खचलेली. “ही डगमगी, हिच्या पुढे उतार.” प्रत्येक फळीला नाव! बर्ट म्हणाला, “आर्विड, तू डेकवर चालत होतास की नातेवाइकांवर?” बाबा म्हणाले, “तुम्हा कॉर्निश इंग्रजांना नातेवाईक पायाखाली लागत नाहीत काय?” दोघं हसले. मला वाटलं बाबांना वाईट वाटेल, पण नाही.

आता सगळं कसं सपाट, स्वच्छ, सारखं. दारापासून सरळ, मग डावीकडे सॉना, उजवीकडे तळ्यात उतरणाऱ्या चार पायऱ्या. सॉनाच्या बाजूला नवा कठडा, फक्त पायऱ्यांपाशी मोकळं. मिस बूशे आली तर काय बोलेल? काही नाही. डेकवर बोट ठेवायला जागा नाही.

तू बघायला हवा होतास.

हेल्मी

*

हॅनकॉक
५ ऑगस्ट

रूबेन,

घाईत कार्ड. बाबा मजेत. तुला सांगते, त्यांना डेक इतका आवडला आहे की मी बुधवारी जाते, रविवारी जाते, कधीही बघावं तर दाराबाहेर खुर्चीत बसलेले. तासन्‌तास. स्कीची जुनी काठी मांडीवर. “काय बाबा, छान आहे ना?” विचारलं की म्हणतात, “मोठा आहे.” एवढं कौतुक त्यांनी आईच्या बिस्किटांचंही केलं नव्हतं.

हे.

*

मॅडिसन
१३ ऑगस्ट

प्रिय हेल्मी,

तुझं पत्र आणि कार्ड शेजारी ठेवून वाचतो आहे, आणि मला एक गोष्ट टोचते आहे. चूक असेन तर हस, मला सवय आहे.

आमच्या मीमांसकांनी ज्ञानाची सहा साधनं सांगितली. सहावं सगळ्यांत मजेशीर: अनुपलब्धी. जमिनीवर घागर दिसत नाही, म्हणून घागर नाही हे कळतं. विद्यार्थी यावर नेहमी हसतात, की न दिसण्यात कसलं आलंय ज्ञान.

हेल्मी, तुझ्या मजकुरात सॉना नाही. खुर्ची आहे, काठी आहे, कठडा आहे, आईची बिस्किटं आहेत. डेक झाल्याला तीन शनिवार होऊन गेले. आपले बाबा शनिवारी सॉना पेटवणार आणि तुला तो किती तापला, वाफ कशी धरली, हे सांगणार नाहीत? न्यूमोनिया झाला होता तेव्हासुद्धा दवाखान्यात नर्सला तेच सांगत होते. आणि “मोठा आहे” हे कौतुक आहे का? बाबा ‘मोठा’ हा शब्द तळ्यासाठी वापरतात. जे ओलांडता येत नाही त्यासाठी.

तू बुधवारी आणि रविवारी जातेस. येत्या शनिवारी न सांगता जा. आणि लाकडाची मोळी बघ, किती उरली आहे ते.

रूबेन

*

हॅनकॉक
१७ ऑगस्ट

रूबेन,

हसले नाही.

काल दुपारी गेले. गाडी लांब रस्त्यावर ठेवली. मोळी जशीच्या तशी, वरच्या लाकडांवर कोळ्याचं जाळं. बाबा दारात उभे होते, टॉवेल खांद्यावर. काठी पुढे करून निघाले. सरळ जायचं ते थोडे उजवीकडे कलले, मग आणखी, आणि मोकळ्या पायऱ्यांकडे निघाले. मी ओरडणार तेवढ्यात स्वतःच थांबले. हात पुढे करून हवेत चाचपत राहिले. मग पाय ओढत, काठीने उलटं चाचपत मागे आले आणि खुर्चीत बसले. टॉवेलाची घडी केली.

मी जाऊन समोर बसले. विचारलं, “किती दिवस?”

“काय किती दिवस?”

“बाबा.”

“फळ्या सगळ्या सारख्या आहेत, हेल्मी. आधी बाई बसते तिथे आलो की कळायचं, अजून चार पावलं. डगमगी आली की डावीकडे वळायचं. आता कुठेही पाय ठेवला तरी मी तिथेच असतो. टेबलावर मुंगी सोडावी तसा.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू इतकी खूश होतीस.”

रूबेन, तीन आठवडे मी त्या माणसाला माझ्या डेकवर कैद करून ठेवलं आणि तुला ‘मजेत’ म्हणून कळवलं. सहा आठवड्यांनी बूशे येईल. ती उभी राहील, हे निघतील, आणि पायऱ्यांकडे जातील. मीच त्यांना वृद्धाश्रमात पोचवते आहे, तेही पंचवीस वर्षांच्या हमीसकट. बोल, देवदार घ्यायला हवा होता म्हणून. बोल एकदाचं.

हेल्मी

*

मॅडिसन
२२ ऑगस्ट

प्रिय हेल्मी,

बोलणार नाही, कारण ते खोटं ठरेल. नवा देवदारही सपाटच असता. त्याची कुरकुरी आणि बाई बसते व्हायला तीस वर्षं लागली असती. जुना डेक कुजला म्हणून बाबांना वाचता येत होता. आपण त्याला कुज म्हणत होतो आणि बाबा त्यावरून चालत होते. आपण दोघांनी महिनाभर फळीचा रंग, वजन, डाग, ऊन सगळं तपासलं. मी तर उकळली. पण ज्याचे पाय त्यावर पडणार त्याने “मुका आहे” असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तू ते मला लिहून पाठवलंस, आणि मी वाचून पुढे गेलो. तेव्हा अपराध निम्मा-निम्मा. पाठवणीचा खर्च तुझा.

आता उपाय. दारापासून सॉनापर्यंत दोरी बांधली तर? चिकटपट्टीचे खरबरीत तुकडे? काथ्याची पायपुसणी ओळीने? कॉलेजातल्या दृष्टिहीन मुलांसाठी असतात तसले रबरी ठिपके मिळतात म्हणे, चौकशी करतो.

रूबेन

*

हॅनकॉक
१ सप्टेंबर

रूबेन,

दोरी बांधली. बाबा म्हणाले, “मी गाय नाही,” आणि सोडून टाकली. चिकटपट्टी दोन दिवसांत उन्हाने सुटली. पायपुसण्यांवर पाय अडकला. उरलं काय ते ऐक.

शनिवारी मी स्वतः सॉना पेटवला. हात धरून त्यांना नेलं. कुरकुरले, पण आले. बाहेर पडले ते पंधरा वर्षांनी लहान होऊन. तुला आठवतं ना, सॉना झाला की ते आतले निखारे लोखंडी बादलीत काढतात आणि खाली माशांना धुरी द्यायच्या पेटीत नेऊन टाकतात? वर्षानुवर्षं बादली उतरताना पायऱ्यांच्या डोक्याशी टेकवायची, दम घ्यायचा, मग उचलायची. कठडा धरत आले आणि तशीच टेकवली. मी आत टॉवेल गोळा करत होते. वास आला. जळलेल्या दुधाच्या बाटल्यांचा, दुसरा कशाचा असणार!

धावत आले. बादली उचलली तर खाली फळीत ताटाएवढं वळं. रुतलेलं, कड उठलेली, मधे फुगलेलं. साबण चालेना, खरवडून निघेना. जुन्या लाकडावर नुसता काळा डाग पडायचा. मी बाबांवर ओरडले. खूप ओरडले रूबेन, त्या सगळ्या महिन्याचं त्या एका वळ्यावर काढलं.

काल फोटो काढायला गेले तर बाबा तिथेच उभे, काठीच्या टोकाने ते वळं पुन्हा पुन्हा चाचपत, मान खाली. फुलदाणी फोडलेल्या मुलासारखे. माझाच जीव कसनुसा झाला. म्हटलं, “असू दे बाबा, मी कंपनीला लिहिलंय. दोन फळ्या बदलून मागते.” तर आणखीनच कसनुसं तोंड केलं.

कंपनी देईल असं बर्ट म्हणतो. निदान बूशे येईल तेव्हा डेक तरी नीट दिसेल. चालण्याचं काय करायचं ते देव जाणे. आणि तू.

हेल्मी

*

तळ्याकाठून
९ सप्टेंबर

रूबेन,

मी सांगतो आहे आणि बर्ट पास्को लिहितो आहे. स्पेलिंगच्या चुका त्याच्या. (त्याने हे लिहायला नकार दिला, मग लिहिलं.)

तुझी बहीण त्या दोन फळ्या बदलणार आहे. तिला थांबव. मी सांगितलं तर ती म्हणेल, बाबा मला बरं वाटावं म्हणून बोलतात. ती तशीच आहे, तिच्या आईसारखी.

ते वळं चुकून पडलं, पण बरोबर जागी पडलं. पायऱ्यांच्या तोंडाशी. काठी सरकवत आलो की टोक त्यात टुक्‌ करून पडतं. मग मला कळतं, इथून पुढे पाणी. इतके दिवस मला डेकवर फक्त खुर्ची कुठे आहे ते माहीत होतं. आता दोन गोष्टी माहीत आहेत. दोन माहीत असल्या की तिसरी शोधता येते. तू पंडित आहेस, तुला हे कळेल.

मला आणखी चार हवी आहेत. एक दारासमोर सहा पावलांवर, एक वळायच्या जागी, एक सॉनाच्या उंबऱ्याशी, एक लाकडाच्या मोळीशी. बर्टने खडूने खुणा केल्या आहेत. तो पाण्याचा पाइप धरून उभा राहील, मी बादली टेकवीन. पहिलं त्याच्या उरलेल्या फळीवर करून पाहिलं. दहा मोजेपर्यंत बादली ठेवली तर नुसती खूण पडते, तीस मोजली तर काठी अडकते. वीस बरोबर.

लाकडावर काठीला लागेल एवढी खोल खूण करायची तर जळून खड्डा पडला असता, मग त्यात पाणी, मग कुज. ह्याच्यावर वळं पडलं की पडलं. हेल्मीची फळी चांगली आहे. तिला तसं सांग, पण नंतर.

आता तुझं काम. शनिवारी वीस तारखेला दुपारी दोनला हेल्मीला फोन कर आणि भांडण काढ. निदान तासभर, म्हणजे ती इकडे यायची नाही. तुला जमतं.

बाबा

(मी लिहितो: आर्विड आता त्या वळ्यावरून मागे फिरून खुर्चीपर्यंत एकटा येतो. मी पाहिलं आहे. बर्ट.)

*

मॅडिसन
२१ सप्टेंबर

प्रिय हेल्मी,

काल फोनवर जे बोललो त्याबद्दल क्षमा असावी. देवदाराचा विषय मी चार महिन्यांपूर्वी सोडला होता, तो पुन्हा उकरून काढायचं काही कारण नव्हतं. आईच्या शिवणयंत्रावर माझा हक्क आहे हे विधानही मागे घेतो. मला टाका घालता येत नाही. एकोणीसशे एकाहत्तरच्या नाताळात तू माझे स्केट्स हरवलेस हे मात्र मागे घेत नाही.

एक तास बारा मिनिटं झाली. तू एकदाही फोन आपटला नाहीस, याचं मला मनापासून आश्चर्य वाटतं. मी मधे दोनदा पाणी प्यायलो.

काही दिवस कंपनीच्या फळ्या आल्या तरी बर्टला लावू देऊ नकोस. कारण विचारू नकोस. विचारलंस तर मी खोटं बोलेन, आणि या वयात मला ते नीट जमत नाही.

रूबेन

*

हॅनकॉक
२ ऑक्टोबर

रूबेन,

स्केट्स तू स्वतः तळ्यावर विसरलास. बर्फ वितळला आणि ते गेले. हे मी तुला बत्तीस वर्षं सांगते आहे.

आता काल काय झालं ते. तुझ्या फोननंतर शाळेच्या बसफेऱ्यांमुळे दहा दिवस तिकडे जाणंच झालं नव्हतं, बर्टच बाबांकडे बघत होता. कंपनीच्या दोन फळ्या परवाच आल्या होत्या, माझ्या गॅरेजात उभ्या. मी सकाळी लवकर गेले, बूशे यायच्या आधी डेक धुवावा म्हणून. आणि पाहते तर एक वळं नाही, पाच! दारातच थांबले. पहिला विचार आला तो असा, की बाबांचं डोकंही गेलं. दुसरा आला तुझा. एक तास बारा मिनिटं! मी खरंच रडले होते त्या फोनवर, स्केट्सवरून.

तेवढ्यात मिस बूशेची गाडी. काही विचारायला, बोलायला वेळच नाही. ती वही घेऊन दारात उभी राहिली. बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला, काठी घेतली आणि निघाले. टुक्‌. थांबले. पाच-सहा पावलं. टुक्‌. डावीकडे वळले, एकदम काटकोनात, रूबेन, सैनिकासारखे. टुक्‌. सॉनाच्या दाराला न चाचपता हात लावला. मग वळून परत. वाटेत मुद्दाम पायऱ्यांकडे गेले, तिथल्या वळ्यात काठी टेकवून थांबले, आणि तळ्याकडे तोंड करून म्हणाले, “आज वारा उत्तरेचा आहे.” मग खुर्चीत येऊन बसले. दमसुद्धा लागला नव्हता. मला लागला होता.

बूशे वाकून वळ्याला बोट लावत म्हणाली, “ही काय भानगड आहे?”

बाबा माझ्याकडे कान करून. मला तेव्हा कळलं, की ते तिच्या सहीला घाबरत नव्हते. मी काय बोलते त्याला घाबरत होते.

“आम्ही करून घेतलीत,” मी म्हटलं. “त्यांच्यासाठी. बर्ट पास्कोने पाण्याचा पाइप धरला होता.” पाइपचं मला कसं माहीत? पाइप अजून मोळीवर तसाच पडला होता, बर्ट कधी काही आवरत नाही.

“निखाऱ्यांनी?”

“हो.”

“पुन्हा करणार नाही ना?”

“वीसपर्यंत मोजून झालंय,” बाबा म्हणाले.

मग तिने त्यांची काठी मागितली, चष्मा काढला, डोळे मिटले आणि स्वतः दारापासून निघाली! दुसऱ्या वळ्यापर्यंत गेली. तिथून भलतीकडे. बाबा खुर्चीतून म्हणाले, “डावीकडे, पोरी, डावीकडे.” तिने तिथेच उभ्या उभ्या, वही गुडघ्यावर धरून सही केली. एका वर्षाची. पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा येणार. बाबांनी तिला मासे दिले.

ती गेल्यावर आम्ही दोघंच. मी म्हटलं, “बाबा, मी ओरडले त्या दिवशी.”

“ओरडलीस,” ते म्हणाले. “त्या ओरडण्यावरूनच मला कळलं, वळं नेमकं कुठे पडलंय.”

कंपनीच्या फळ्या परत पाठवते आहे. कागदावर कारण लिहायचं असतं. मी लिहिलं: डाग नाही. बर्ट म्हणतो, कंपनीवाले चक्रावतील. चक्रावू देत.

निघताना बाबांनी काठी माझ्या हातात दिली. म्हणाले, तूही ये एकदा चालून. मी डोळे मिटले. पहिलं वळं सापडलं. दुसऱ्याशी आले तेव्हा पायाखाली सगळं इतकं सारखं, इतकं अथांग होतं की मी जागच्या जागी थिजले. वारा कुठून येतोय तेही कळेना. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्यांच्या बोटांनी माझं कोपर धरलं आणि मला हळूच डावीकडे वळवलं.

हेल्मी